पेनच्या टोपीखालचं शहर

अमेरिकेतल्या उंच बिल्डिंगांचा विषय निघाला की न्यूयॉर्क, शिकागो, फार तर ह्यूस्टन, एवढ्यावर गप्पा संपतात. फिलाडेल्फियाचं नाव कुणी काढत नाही, काढलंच तर लिबर्टी बेल आणि चीजस्टेक. मला विचाराल तर उंचीचा सगळ्यात भारी किस्सा याच शहराचा आहे, कारण इथे जवळजवळ नव्वद वर्षं बिल्डिंग किती उंच बांधायची ते ना कायद्याने ठरवलं, ना इंजिनियरने, ना पैशाने. ठरवलं ते एका पुतळ्याच्या टोपीने. आणि ती मर्यादा मोडली तेव्हा शहराच्या मागे साडेसाती लागली असं इथली निम्मी जनता आजही शपथेवर सांगेल.

पुतळा विल्यम पेनचा. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक, क्वेकर पंथाचा, भांडणतंटा नको म्हणणारा माणूस. १६८२ मध्ये त्याने थॉमस होम नावाच्या सर्व्हेयरकडून शहराचा नकाशा आखून घेतला, काटकोनात सरळ रस्ते, चार बाजूंना चार बागा आणि बरोब्बर मधोमध एक मोठा चौक. लंडन १६६६ मध्ये जळालं होतं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे घरं सुटीसुटी हवीत, मधे झाडं हवीत, एकाची आग दुसऱ्याला लागता कामा नये असा त्याचा आग्रह. लोकांनी नंतर प्लॉटचे तुकडे पाडून मधल्या जागा भरून टाकल्या, गल्ल्याबोळ काढले, ते वेगळं. आगीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्या मधल्या चौकात १८७१ साली सिटी हॉलचं काम सुरू झालं. आर्किटेक्ट जॉन मॅकआर्थर ज्युनियर, आणि इरादा साफ होता, जगातली सगळ्यात उंच इमारत बांधायची. पण ते घोंगडं असं काही भिजत पडलं की विचारू नका. काम पूर्ण व्हायला १९०१ उजाडलं, तीस वर्षं, आणि खर्च अडीच कोटी डॉलरच्या घरात गेला. तोवर १८८४ ला वॉशिंग्टन मॉन्युमेंट झालं, १८८९ ला आयफेल टॉवर झाला, दोघंही पुढे निघून गेले. तरी माणसं ज्यात बसून काम करतात अशा इमारतींमध्ये १८९४ पासून जगात पहिला नंबर याचाच होता, ५४८ फूट, १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिंगर बिल्डिंगने तो हिसकावून घेतला.

यात मला आवडणारी गोष्ट ही की टॉवर बांधायला घेतला तेव्हाची टेक्नॉलॉजी तो पूर्ण होईपर्यंत म्हातारी झाली होती. शिकागोत १८८५ च्या सुमाराला धातूचा सांगाडा आधी उभा करायचा आणि वजन त्याच्यावर टाकायचं ही पद्धत सुरू झाली होती, म्हणजे भिंतीला नुसतं अडकून राहायचं काम. आणि इथे हे लोक विटा आणि दगड रचतायत! सगळा भार भिंतीच उचलतात, म्हणून टॉवरच्या तळाशी भिंत २२ फूट जाड आहे. बावीस. आमच्या ऑफिसातली मीटिंग रूम त्या भिंतीत आरामात मावेल, आणि तिथे मीटिंगला गेलेला माणूस बाहेरच्या जगाला परत सापडणार नाही. १९५० च्या दशकात हे जुनाट प्रकरण पाडून टाकायचा विचार झाला होता, मग कुणीतरी हिशोब मांडला आणि कळलं की पाडायचा खर्चच शहराला झेपणार नाही. जाड भिंतींनी बिल्डिंग उभी ठेवली ती अशी, दोन्ही अर्थांनी.

टॉवरच्या टोकावर पेन उभा आहे, ब्राँझचा, ३७ फूट उंच, २७ टन वजन. अलेक्झांडर मिल्न काल्डर या शिल्पकाराने केला. (याचा मुलगाही शिल्पकार आणि नातू म्हणजे हवेत हलणारी मोबाइल शिल्पं करणारा जगप्रसिद्ध काल्डर, तिघांची कामं पार्कवे या एकाच रुंद रस्त्याच्या रेषेत आहेत.) १८९४ मध्ये तुकड्यातुकड्यांनी पुतळा वर चढवला आणि तोंड केलं ईशान्येला, ज्यामुळे दिवसभरात बहुतेक वेळ चेहरा सावलीतच. काल्डरला ते अजिबात पटलं नव्हतं, त्याला चेहऱ्यावर ऊन हवं होतं. एवढी मेहनत करून माणसाचा चेहराच अंधारात ठेवायचा म्हणजे कुणीही चिडेल. पेनच्या पायाखाली एक छोटी गॅलरी आहे, तिथे जाता येतं, पण शेवटची लिफ्ट इतकी एवढीशी आहे की चार-पाच माणसं शिरली की सगळ्यांनी पोट आत घेऊन उभं राहायचं. वर गेल्यावर मात्र जाणवतं की एके काळी जगातली सगळ्यात उंच असलेली जागा आता खड्ड्यात आहे, चारी बाजूंनी काचेचे टॉवर तुमच्याकडे खाली वाकून बघत असतात.

पण १९८७ पर्यंत तसं नव्हतं. पेनच्या टोपीच्या वर कुणी जायचं नाही असा एक अलिखित संकेत होता, इथले लोक त्याला जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. कुठे छापलेलं नाही, कुणाची सही नाही. बिल्डर प्लॅन घेऊन आला की प्लॅनिंगवाले वर बोट दाखवायचे, बस. हे सगळ्यात कडकपणे पाळून घेतलं एडमंड बेकन या माणसाने, १९४९ ते १९७० सिटी प्लॅनिंग कमिशनचा प्रमुख. हो, नट केव्हिन बेकनचे वडील. सिटी हॉलच्या पश्चिमेला रेल्वेचा एक अजस्र दगडी रूळमार्ग होता, लोक त्याला चायनीज वॉल म्हणायचे, तो १९५० च्या दशकात काढून त्या जागी पेन सेंटरच्या ऑफिस बिल्डिंगा आल्या त्या याच्याच काळात. गडी हट्टी होता आणि शेवटपर्यंत हट्टीच राहिला, शहराने लव्ह पार्कात स्केटबोर्डिंगवर बंदी घातली तर २००२ मध्ये हा ९२ वर्षांचा आजोबा हेल्मेट घालून, दोघांनी दोन्हीकडून धरलेला, स्वतः स्केटबोर्डवर चढला.

या संकेताचा परिणाम आकड्यात बघा. पीएसएफएस बँकेची बिल्डिंग ४९१ फूट, फाइव्ह पेन सेंटर ४९०, वन मेरिडियन प्लाझा ४९२, सेंटर स्क्वेअरचा मोठा टॉवर ४९०. सगळे जण टोपीच्या खाली पन्नाससाठ फुटांवर येऊन गुमान थांबलेले. वरून कात्रीने कापल्यासारखी स्कायलाइन. काहींना त्यात शान वाटायची, मला जुने फोटो बघून ते जरा कंटाळवाणंच वाटतं, खरं सांगतो. डब्यांच्या रांगेत एकच कलाकुसर.

अपवाद पीएसएफएसचा. या बिल्डिंगवर माझा जरा जास्तच जीव आहे. फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी ही १८१६ ची बँक, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते ती ग्रीक खांब, संगमरवर, गंभीर चेहऱ्याचे कॅशियर अशी. १९२९ ला बाजार कोसळला, देशभर बँका बुडतायत, आणि या लोकांनी त्यातच १९३२ मध्ये ३६ मजली अशी बिल्डिंग उभी केली की अमेरिकेने तोवर तशी बघितलीच नव्हती. जॉर्ज हाउ आणि विल्यम लेस्केझ यांचं डिझाइन. खांब नाहीत, नक्षी नाही, कळस नाही. खाली रस्त्यालगत काळा ग्रॅनाइट चकचकीत पॉलिश केलेला, कोपऱ्यावर काच गोल वळत जाते, आणि बँक तळमजल्यावर नाहीच! तळमजला दुकानांना भाड्याने, बँकेत जायला एस्कलेटरने वर जायचं. धंद्याची अक्कल बघा, मंदीत रस्त्यालगतची जागा स्वतः अडवून बसायची कशाला. एसी असलेली देशातली दुसरी उंच इमारत. आणि गच्चीवर २७ फूट उंचीची लाल निऑनची चार अक्षरं, पी एस एफ एस. नुसती आद्याक्षरं लावायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती, पण पूर्ण नाव लावलं असतं तर कुणाला लांबून वाचता आलं असतं? त्या बोर्डाच्या मागे एसीचं यंत्र लपवलंय ही आणखी एक हुशारी. बँक १९९२ ला बुडाली, २००० पासून तिथे हॉटेल आहे, पण अक्षरं रात्री अजून पेटतात. बँक नसलेल्या बँकेची जाहिरात, आणि शहराने ती काढू दिली नाही हे उत्तम केलं.

असो. १९८४ मध्ये विलार्ड राउझ नावाच्या डेव्हलपरने जाहीर केलं की मी टोपीच्या वर जाणार. थोडंथोडकं नाही, जवळजवळ चारशे फूट. शहरात दोन तट पडले. बेकन तोवर रिटायर झालेला, पण तो भांडायला पुढे. एक मर्यादा मोडली की मग थांबायचं कुठे, हा त्याचा प्रश्न, आणि तो बरोबरच होता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की कारखाने गेले, माणसं उपनगरांत पळाली, शहर मरतंय आणि तुम्ही टोपी कसली मोजताय, आणि तेही बरोबरच होतं. मेयर विल्सन गूड राउझच्या बाजूने उभे राहिले. अडवायला कायदा नव्हताच, नुसती भीड होती, आणि भीड एकदा मोडली की मोडली. १९८७ मध्ये वन लिबर्टी प्लेस उभी राहिली, ६१ मजले, ९४५ फूट, आर्किटेक्ट हेल्मुट यान, वरचा भाग न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगची आठवण करून देणारा, निळ्या काचेचे त्रिकोण एकावर एक आणि टोकाला सळई. मग बांध फुटलाच, १९९० ला टू लिबर्टी ८४८ फूट, त्याच वर्षी मेलन बँक सेंटर ७९२, १९९१ ला बेल अटलांटिक टॉवर ७३९. चार वर्षांत शहराची उंची जवळजवळ दुप्पट.

पेन दिसेनासा झाला का? बाजूवर अवलंबून आहे. दक्षिणेकडून ब्रॉड स्ट्रीटने या, मैलभर लांबून समोर तोच. पार्कवेवरूनही दिसतो. पश्चिमेकडून हायवेने या आणि शोधून दाखवा.

आता साडेसाती. फिलाडेल्फियाच्या चार मोठ्या टीम, बेसबॉलची फिलीज, फुटबॉलची ईगल्स, बास्केटबॉलची सिक्सर्स, आइस हॉकीची फ्लायर्स. साडेसातीआधीची शेवटची ट्रॉफी १९८३ ला सिक्सर्सनी आणली. त्यानंतर लिबर्टी प्लेस टोपीच्या वर गेली आणि सगळं बंद. १९८७ ला फ्लायर्स फायनलला हरले. १९९३ ला फिलीज हरले, तेही शेवटच्या इनिंगला टोरांटोच्या होम रनवर. १९९७ ला फ्लायर्स पुन्हा, २००१ ला सिक्सर्स, २००५ ला ईगल्स सुपर बोल हरले. इथला घोडासुद्धा सुटला नाही, स्मार्टी जोन्स २००४ मध्ये पहिल्या दोन मोठ्या शर्यती जिंकला आणि तिसरी हरला. लोक म्हणायला लागले, पेनबाबाचा कोप आहे. माझ्या टीममधला एक लोकल कलीग, एरवी स्प्रेडशीटशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा, हे सगळं पूर्ण गांभीर्याने सांगतो.

उपाय केला तो स्टीलचं काम करणाऱ्या कामगारांनी. २००७ च्या जूनमध्ये कॉमकास्ट सेंटरची सगळ्यात वरची बीम चढवायची होती, ९७४ फुटांवर, शहरातली नवी सर्वात उंच इमारत. त्यांनी त्या बीमला पेनची एक चिमुकली मूर्ती चिकटवली. म्हणजे पुन्हा शहरात सगळ्यात उंच कोण, तर पेन. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००८, फिलीज वर्ल्ड सिरीज जिंकले, शेवटची मॅच पावसामुळे अर्धवट थांबून दोन दिवसांनी पूर्ण झाली पण जिंकले. मग २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कॉमकास्टच्या दुसऱ्या टॉवरवर आणखी एक मूर्ती चढली आणि फेब्रुवारी २०१८ ला ईगल्सनी आयुष्यातली पहिली सुपर बोल आणली. मी अंधश्रद्धेच्या विरोधातला माणूस आहे. पण मूर्ती काढा असं मी पण म्हणणार नाही.

या सगळ्या गमतीत एक बिल्डिंग लोक विसरतात. वन मेरिडियन प्लाझा, ३८ मजली, सिटी हॉलच्या अगदी समोर, टोपीच्या नियमात बसणारी, कुणाच्या डोळ्यात न खुपणारी. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगचं काम चालू होतं, जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या तिथेच पडलेल्या. हे तेल वाळताना स्वतःच गरम होतं, चिंध्यांचा ढीग असेल तर उष्णता आत कोंडते आणि कुणी काडी न लावता पेट घेते. सुताराला विचारा, तो अशा चिंध्या पाण्यात टाकतो नाहीतर पसरून वाळवतो. इथे कुणी केलं नाही. वायरिंग जळून मेन सप्लाय गेला, इमर्जन्सी जनरेटर चालला नाही, म्हणजे लिफ्ट बंद आणि जिने काळोखात. आगीच्या पाइपवर प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, ते चुकीचे सेट केलेले, त्यामुळे वर नळीला धारच येईना. आग एकेक मजला वर चढत गेली. तीन फायरफायटर अठ्ठाविसाव्या मजल्यावर हवा संपून गेले. शेवटी बिल्डिंग कोसळेल या भीतीने सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि आग तशीच जळू दिली.

ती थांबली कुठे, तर तिसाव्या मजल्यावर. तिथल्या भाडेकरूने स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, बसवून घेतले होते. दहा स्प्रिंकलरनी ते केलं जे शेकडो माणसं एकोणीस तास करू शकली नाहीत. बिल्डिंग बांधली तेव्हा स्प्रिंकलरची सक्ती नव्हती, म्हणून बाकी बहुतेक मजल्यांवर ते नव्हतेच. त्याच वर्षी शहराने जुन्या हायराइजनाही स्प्रिंकलर बंधनकारक केले. पेनने तीनशे वर्षांपूर्वी घरं सुटीसुटी बांधा म्हटलं ते आगीपायी, आणि त्याच्या पायाशी उभ्या बिल्डिंगमध्ये हे. आठ वर्षं तो जळका सांगाडा शहराच्या मधोमध तसाच उभा होता, १९९९ मध्ये उतरवला, आता तिथे महागड्या फ्लॅटचा टॉवर आहे. उंची किती असावी यावर या शहराने इतकी वर्षं वाद घातला, त्यातला दहावा हिस्सा वेळ आत पाणी पोचतं का यावर घातला असता तर बरं झालं असतं.

पाण्यावरून आठवलं, कॉमकास्ट सेंटरचा किस्सा. इमारत पर्यावरणपूरक करायची म्हणून बिनपाण्याच्या मुताऱ्या बसवायचं ठरलं, शंभरावर. प्लंबर युनियन खवळली, पाणी नाही म्हणजे पाइप नाहीत, पाइप नाहीत म्हणजे आमचं काम नाही. तोडगा काय निघाला असेल? पाण्याचे पाइप टाकायचे, पण जोडायचे नाहीत, पुढेमागे लागले तर असावेत. सगळे खूश. त्याच बिल्डिंगच्या डोक्यावर मात्र तीन लाख गॅलन पाणी साठवलेलं आहे आणि ते कुणी पीत नाही की वापरत नाही. वारा बिल्डिंगला एकीकडे ढकलतो तेव्हा टाकीतलं पाणी उलट्या बाजूला लोटतं आणि डोलणं कमी करतं. वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या कॉफीत लाटा उठू नयेत म्हणून एवढा तलाव.

शेजारचा कॉमकास्ट टेक्नॉलॉजी सेंटर २०१८ चा, नॉर्मन फॉस्टरच्या फर्मचा, १,१२१ फूट. न्यूयॉर्क आणि शिकागो सोडले तर अमेरिकेत याच्याहून उंच बिल्डिंग नाही. त्याच जागेवर आधी दीड हजार फुटांचा प्लॅन होता तो बारगळला. वर हॉटेल आहे, त्याची लॉबी साठाव्या मजल्यावर, तिथून पेन शोधायचा तर मान खाली घालावी लागते. दिसायला टॉवर कसा, तर एका कडेला लिफ्टचा काचेचा कणा आणि टोकाला उभी पट्टी. वाईट नाही, पण प्रेमात पडावं असंही काही नाही.

आणि आता एक नवा अलिखित करार आलाय. २ ऑक्टोबर २०२० ला एका रात्री-सकाळीत सेंटर सिटीच्या, म्हणजे शहराच्या मधल्या भागातल्या, साडेतीन ब्लॉकमध्ये दीड हजारापर्यंत पक्षी काचांवर आपटून मेले असा अंदाज आहे. स्थलांतराचा हंगाम, ढग खाली उतरलेले, आणि टॉवरच्या दिव्यांनी पक्षी भरकटले. त्यानंतर २०२१ पासून लाइट्स आउट फिली सुरू झालं, वसंतात आणि शरदात रात्री बारा ते सहा दिवे बंद. कायदा नाही, सक्ती नाही, बिल्डिंगवाल्यांनी आपणहून करायचं. मोठ्या टॉवरपैकी बरेच जण पाळतात, हे बघून मला खरंच बरं वाटतं. आमची बिल्डिंग, नाव घेत नाही, पाळत नाही. ऑक्टोबरात उशिरा कॉल संपवून खाली आलो तर आमचा अख्खा मजला लखलखत होता, आत एक माणूस नाही. मॅनेजमेंटला मेल टाकला. टायमर जुना आहे, बदलायचं बजेटमध्ये टाकलंय असं उत्तर आलं, ते मागच्या वर्षी. यंदाही मेल टाकलाय.